न जुळलेल्या ओळी

महाराष्ट्रात कर्जत दोन आहेत. एक रायगड जिल्ह्यातलं, सह्याद्रीच्या पायथ्याचं. माथेरान याच तालुक्यात येतं आणि पावसाळ्यात इथे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. दुसरं अहिल्यानगर जिल्ह्यातलं, पर्जन्यछायेतलं. तिथे वर्षभरात पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस झाला तर साल बरं गेलं म्हणतात. आता समजा एका शीटवर तालुकावार पाऊस आहे, दुसरीवर टँकरची मागणी आहे, आणि दोन्ही जोडायला तालुक्याचं नाव धरून कुणी व्हीलुकअप मारला. नेमकं जुळणारं नाव शोधताना एक्सेल यादी वरून खाली वाचत येतं आणि पहिलं कर्जत भेटलं की तिथेच थांबतं. जिल्हे 2011च्या जनगणनेच्या क्रमाने लावलेले असतील तर रायगडचा क्रमांक 520 आणि अहिल्यानगरचा, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगरचा, 522. रायगड आधी. दुष्काळी कर्जतच्या ओळीत कोकणातला पाऊस येऊन बसतो. एरर येत नाही, सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण उमटत नाही. आकडा दोन दशांश स्थळांसकट नीटनेटका दिसतो, आणि तो अहवालात जातो.

कर्जत एकटं नाही. खेड पुणे जिल्ह्यात आहे आणि रत्नागिरीतही आहे. मालेगाव नाशिकमध्ये आहे, वाशिममध्येही. कळंब यवतमाळमध्ये आणि धाराशिवमध्ये. वर्ध्याचं तर नवलच: सेलू परभणीशी, आष्टी बीडशी आणि कारंजा वाशिमशी जुळं. बोलताना लोक कारंजा लाड आणि कारंजा घाडगे असं नीट वेगळं म्हणतात. यादी टाइप करणारा मात्र घाईत नुसतं ‘कारंजा’ लिहून पुढे जातो, आणि त्याच्या लेखी ते पुरेसंही असतं, कारण त्याच्यासमोर एकाच जिल्ह्याची यादी असते. सगळ्या जिल्ह्यांच्या याद्या एकाखाली एक चिकटवल्या की मग अडचण सुरू होते.

गावपातळीवरच्या याद्या एकमेकींना जोडणं हे माझं रोजचं काम. पाण्याचे स्रोत, शाळा, जमिनीचे गट, लोकसंख्या. प्रत्येक यादी वेगळ्या खात्याची, वेगळ्या वर्षाची, वेगळ्या हाताने भरलेली. या कामात नव्याने आलेली मुलं सगळ्यात जास्त घाबरतात ती #एन/ए या खुणेला. ‘मॅडम, सगळीकडे एनए येतंय’ असं म्हणत ती लॅपटॉप घेऊन येतात आणि शीट उघडून दाखवतात, तेव्हा मला खरोखर बरं वाटतं. एनए म्हणजे एक्सेलने सांगितलं, की तू विचारलंस ते मला या यादीत सापडलं नाही. एवढं स्वच्छ उत्तर मिळाल्यावर पुढचं काम हाताशी येतं. काळजी करायची ती कर्जतसारख्या उत्तरांची, जिथे विचारलं एक, मिळालं दुसरं, आणि दोन्हींवर नाव तेच.

अशी गुपचूप चुकलेली उत्तरं कशी तयार होतात हे समजून घ्यायला व्हीलुकअपच्या घडणीत थोडं मागे जावं लागतं. 1979 साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी व्हिजिकॅल्क बाजारात आणलं, त्यातही लुकअप होतं. ते टप्प्यांच्या तक्त्यांसाठी होतं: इतक्या उत्पन्नापर्यंत इतका कर, त्यापुढे इतका. तिथे नेमका आकडा सापडायची गरजच नसते. विचारलेल्या आकड्याच्या बरोबरीचा किंवा त्याच्या लगेच खालचा टप्पा मिळाला की काम झालं. व्हीलुकअपने तोच स्वभाव उचलला. त्याचे चार घटक असतात: काय शोधायचं, कुठल्या तक्त्यात, कितव्या रकान्यातलं उत्तर आणायचं, आणि जवळपासचं चालेल की नेमकंच हवं. हा चौथा घटक लिहिला नाही तर ‘जवळपासचं चालेल’ असं धरलं जातं. मग एक्सेल तक्ता चढत्या क्रमाने लावलेला आहे असं गृहीत धरतं, मधोमध उडी मारतं, निम्मा भाग टाकून देतं, उरलेल्याच्या मध्यावर जातं, आणि असं करत कुठल्यातरी ओळीवर पोचतं. गावांची यादी क्रमाने नसेल तर ती ओळ कुठलीही असू शकते. काही गावं बरोबर येतात, काही चुकीची येतात, आणि तपासणारा नेमकी पहिली चार-पाच बरोबर आलेली पाहून समाधान मानतो. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट 2019मध्ये एक्सलुकअप जाहीर केलं, त्यात नेमकं जुळणं हेच गृहीत आहे. चाळीस वर्षांनी झालेली ही दुरुस्ती मला फार मोलाची वाटते.

एनए आला की शोध सुरू करायचा. डोळ्यांना दोन नावं अगदी सारखी दिसतात, आणि यंत्र म्हणतं नाही. अशा वेळी मी पहिल्यांदा लांबी मोजते. लेन हे फंक्शन सेलमध्ये किती अक्षरं आहेत ते सांगतं. ‘कर्जत’ची लांबी पाच यायला हवी: क, र, हलन्ताची खूण, ज, त. सहा आली तर शेवटी कुठेतरी मोकळी जागा चिकटलेली आहे. ट्रिम लावलं की ती जाते. ट्रिम लावूनही सहाच राहिली तर तो बहुधा ब्राउझरमधून उचललेला तक्ता. वेबपानांवर ओळ तुटू नये म्हणून वेगळी मोकळी जागा वापरतात, तिचा क्रमांक 160. आपल्या स्पेसबारने उमटते ती 32. ट्रिम फक्त 32ला ओळखतं. म्हणून सबस्टिट्यूट लावून 160 आधी काढावी लागते. आणखी एक बारकावा: एक्सेलचं ट्रिम मधल्या जोडीच्या मोकळ्या जागाही एकावर आणतं, पॉवर क्वेरी या एक्सेलमधल्याच, याद्या साफ करून जोडण्याच्या सोयीतलं ट्रिम मात्र फक्त दोन्ही टोकं साफ करतं. ‘पिंपळगाव बसवंत’च्या मध्ये दोनदा स्पेस पडली असेल तर एक्सेलमध्ये स्वच्छ केलेली यादी जुळते आणि पॉवर क्वेरीतून आलेली जुळत नाही. हे माहीत नसलं तर माणूस तासन्‌तास स्क्रीनकडे बघत बसतो.

मराठीतल्या याद्यांमध्ये याच्याही पुढची एक गोष्ट असते, आणि ती मला इंग्रजी पुस्तकांत कधी वाचायला मिळाली नाही. ‘कऱ्हाड’ हे नाव घ्या. यातला अर्धा र संगणकात वेगवेगळ्या रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, क्रमांक 2353, त्याला हलन्त लावायचा. दुसऱ्या रीतीत साधा र, क्रमांक 2352, त्याला हलन्त, आणि मग एक जोडणारं अदृश्य चिन्ह, क्रमांक 8205. कुठला कीबोर्ड वापरला त्यावर हे ठरतं. पडद्यावर दोन्ही ‘कऱ्हाड’ तंतोतंत सारखी उमटतात, कागदावर छापली तरी सारखीच. पण पहिल्याची लांबी सहा येते, दुसऱ्याची सात. पॉवर क्वेरी अक्षरांचे क्रमांक जुळवते, त्यामुळे तिच्या दृष्टीने ही दोन वेगळी गावं आहेत. अशा वेळी टेक्स्ट.टूलिस्टने नाव सुटं करायचं, प्रत्येक अक्षराला कॅरेक्टर.टूनंबर लावायचं, आणि आकड्यांच्या दोन उभ्या ओळी शेजारी-शेजारी ठेवायच्या. दुसऱ्या ओळीत 8205 दिसला की सगळा उलगडा होतो. गोऱ्हे, कुऱ्हा, वऱ्हाड ही सगळी नावं याच वळणाने जातात. त्यामुळे मराठी यादी हाती आली, की काहीही जोडण्याआधी सगळीकडचं 8204 आणि 8205 काढून र-हलन्ताचा एकच पाठ ठरवून घेणं हे मी घरच्या धुण्याइतकं नेमाचं काम मानते.

लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचंही असंच. एक्सेलच्या लुकअपला सगळी मोठी अक्षरं आणि फक्त पहिलं मोठं यांत फरक दिसत नाही. पॉवर क्वेरीच्या मर्जला, म्हणजे दोन तक्ते जोडण्याच्या तिच्या पायरीला, दिसतो. तेच दोन तक्ते, तेच दोन रकाने, आणि एका ठिकाणी सगळं जुळतं, दुसऱ्या ठिकाणी निम्मं गळतं. सूत्र बिघडलं म्हणून लोक सूत्रच परत परत लिहीत राहतात. बहुतेक वेळा सूत्र बरोबरच असतं. बिघाड आत येणाऱ्या मालात असतो, आणि सूत्र जितक्या वेळा लिहाल तितक्या वेळा तेच सांगेल.

मालात बिघाड कसा शिरतो याचं सगळ्यात बोलकं उदाहरण जमिनीच्या याद्यांमध्ये मिळतं. सर्व्हे नंबर पाच, हिस्सा नंबर दोन. आपल्याकडे हे 5/2 असंच लिहितात, पिढ्यान्‌पिढ्या. ते एक्सेलच्या कोऱ्या सेलमध्ये टाइप केलं की आपल्याकडच्या सेटिंगनुसार ती पाच फेब्रुवारी होते. सेलमध्ये 05-फेब्रु असं काहीतरी दिसतं, पण आत साठवला जातो तो 1900 सालापासून मोजलेल्या दिवसांचा आकडा. 2024मध्ये टाइप केलं असेल तर 45327. तोच हिस्सा दुसऱ्या कारकुनाने वर्षभर आधी, 2023मध्ये टाइप केला असेल तर 44962. एकच जमीन, एकच शेतकरी, आणि दोन याद्यांमध्ये दोन आकडे, ज्यांचा त्या बांधाशी काही संबंध नाही. सेलचा प्रकार नंतर टेक्स्ट करून काही साधत नाही, कारण तोपर्यंत 5/2 हरवलेलं असतं. रकाना आधी टेक्स्ट करायचा आणि मगच भरायचा, एवढाच उपाय. जगभरच्या जीवशास्त्रज्ञांनाही हीच अडचण आली. सेप्ट1 आणि मार्च1 या नावांच्या जनुकांच्या एक्सेलमध्ये तारखा होत होत्या. शेवटी 2020मध्ये मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने ती नावंच बदलली, सेप्टिन1 आणि मार्चएफ1 अशी. आपल्याला सातबाऱ्यावरचे हिस्से बदलता येणार नाहीत, आणि बदलूही नयेत. जमिनीच्या नोंदीने सॉफ्टवेअरच्या सोयीनुसार वाकावं हे मला मान्य नाही.

नुसत्या आकड्यांच्या रकान्यातही धोका आहे. एक्सेल कुठल्याही संख्येचे पंधराच अंक धरून ठेवतं, सोळाव्याचं शून्य करतं. सोळा अंकी बँक खातं संख्या म्हणून भरलं, की लागोपाठच्या दोन खात्यांतला शेवटचा वेगळा अंक पुसला जातो आणि दोन खाती एक होतात. शिष्यवृत्तीच्या यादीत असं झालं तर एका मुलीसमोर दुसऱ्या मुलीचं नाव येतं. शाळांचा यूडायस क्रमांक अकरा अंकी असतो आणि त्याचे पहिले दोन अंक राज्याचे. महाराष्ट्राचे 27, त्यामुळे आपल्याला त्रास नाही. राजस्थानचे 08. तिथल्या याद्या पॉवर क्वेरीत उघडल्या, की ती पहिल्या 200 ओळी चाळून हा संख्यांचा रकाना आहे असं ठरवते, ‘चेंज्ड टाइप’ नावाची एक पायरी आपणहून घालते, आणि पुढचं शून्य गळून क्रमांक दहा अंकी होतो. उजवीकडच्या यादीतली ती पायरी काढून टाकली की शून्यं परत येतात. पॉवर क्वेरीचा हा गुण मला भावतो: तिने मालाला काय काय केलं ते पायरीगणिक मांडलेलं असतं, आणि कुठलीही पायरी उघडून त्या क्षणी तक्ता कसा होता ते पाहता येतं. सेलमधल्या सूत्रांनी भरलेल्या शीटमध्ये हा माग काढताना जीव जातो.

मर्ज करताना पॉवर क्वेरी खाली एक ओळ दाखवते: पहिल्या तक्त्यातल्या इतक्या ओळींपैकी इतक्या जुळल्या. ही ओळ वाचल्याशिवाय पुढचं बटण दाबू नये. आणि मर्ज उलगडल्यावर एकूण ओळी मोजाव्यात. नावावर जोडलेली दोन कर्जत इथे वेगळ्या रूपात भेटतात. व्हीलुकअप पहिलं घेऊन थांबतो, मर्ज मात्र दोन्ही आणतं. इकडची दोन, तिकडची दोन, मिळून चार ओळी होतात, आणि खालची बेरीज फुगते. ओळी वाढल्या म्हणजे किल्ली, ज्यावर दोन याद्या जोडल्या तो रकाना, एकमेव नाही हे कळतं. त्या अर्थी मर्ज अधिक प्रामाणिक, कारण गोंधळ झाला तर तो मोजता येतो. उपाय दोन्हीकडे एकच: जिल्ह्याचा क्रमांक आणि तालुक्याचं नाव मिळून एक किल्ली. 520-कर्जत आणि 522-कर्जत यांची कधीच गल्लत होत नाही.

यात आपल्याकडे नवीन काही नाही. नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला गेलेला माणूस तीर्थोपाध्यायांकडे जातो तेव्हा ते पहिल्यांदा आडनाव विचारतात, आणि मग लगेच मूळ गाव विचारतात. मग आजोबांचं नाव. पाटील म्हटल्याबरोबर कुठलीही वही काढून बसत नाहीत. पिढ्यांच्या नोंदी हाताने सांभाळणाऱ्यांना एका नावावर भरवसा ठेवून चालत नाही हे पुरतं ठाऊक होतं.

आता इफएररबद्दल, कारण त्याबद्दल मला मनापासून बोलायचं आहे. एक्सेल 2007पासून हे फंक्शन आहे. लुकअपभोवती ते गुंडाळलं की एनएच्या जागी आपल्याला हवं ते लिहिता येतं. बहुतेक जण शून्य लिहितात. अहवाल स्वच्छ दिसतो, बेरजा अडत नाहीत, साहेब विचारत नाहीत हे लाल-लाल काय आहे. पण गावांच्या यादीत शून्याला स्वतःचा अर्थ आहे. महाराष्ट्रात अनेक बेचिराख गावं आहेत. महसुली नकाशावर त्यांची शीव आहे, जनगणनेत त्यांना सहा अंकी क्रमांक आहे, तिथे शेतीही होते, फक्त राहायला कुणी नाही. अशा गावाची लोकसंख्या शून्य, आणि ते शून्य मोजून लिहिलेलं आहे. कुणीतरी तिथे जाऊन पाहिलं आणि लिहिलं. त्याच रकान्यात, त्याच अक्षरात, इफएररने घातलेलं शून्य असतं, ज्याचा अर्थ एवढाच की त्या गावाच्या नावातला ‘बु.’ कुणीतरी टिंब न देता लिहिला होता. दोन हजार माणसांचं गाव बेचिराख गावाच्या शेजारी जाऊन बसतं. पुढे माणशी लिटरचा हिशेब होतो, तेव्हा लोकसंख्या शून्य असलेल्या गावाला पाणी किती लागेल हे गुणाकारानेच ठरतं. ते गाव यादीत राहतं आणि वाटपातून जातं. त्यासाठी कुणी दुष्ट असावं लागत नाही.

म्हणून मी शून्य घालू देत नाही. एक्सलुकअपमध्ये न सापडल्यास काय लिहायचं याची वेगळी जागाच आहे, तिथे ‘सापडलं नाही’ असं मराठीत लिहायला लावते. पुढचा हिशेब अडला तर अडू दे. इफएरर दुसरंही एक झाकतं: रकाना काढून टाकल्यामुळे आलेला #रेफ, प्रकार चुकल्यामुळे आलेला #व्हॅल्यू, सगळ्यांवर एकच पांघरूण. फक्त न सापडल्याचीच सोय करायची असेल तर 2013पासून इफएनए आहे, तो दुसऱ्या एररना हात लावत नाही.

पॉवर क्वेरीच्या मर्जमध्ये जोडणीचे सहा प्रकार मिळतात आणि त्यातला लेफ्ट अँटी हा माझ्या पाहण्यात सगळ्यात कमी वापरला जातो. तो फक्त न जुळलेल्या ओळी देतो. बाकी सगळं बाजूला. मी प्रत्येक जोडणीनंतर तो चालवते, आणि जी यादी येते ती डोळ्यांनी वाचते, एकेक ओळ. ही यादी वाचणं मला या सगळ्या कामातलं सगळ्यात जिवंत काम वाटतं. त्यात वडगाव बुद्रुक किती तऱ्हांनी लिहिता येतं ते कळतं: बु, बु., बुद्रूक, कंसातलं बु. इंग्रजीत बी-के, बीच्या पुढे टिंब, केच्या पुढे टिंब, दोन्हींपुढे. 2011च्या जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यांत बीड ‘बिद’सारखं लिहिलेलं आहे, रायगडच्या शेवटी ‘ढ’ला चालणारी अक्षरं आहेत आणि त्यामुळे ते छत्तीसगडच्या रायगढशी हुबेहूब जुळतं. तळटीपेची फुली (*) नावाला चिकटून आलेली दिसते. ही फुली वरवर निरुपद्रवी. पण व्हीलुकअपमध्ये फुलीचा अर्थ ‘पुढे काहीही चालेल’ असा होतो, म्हणून ‘शिरूर*’ विचारलं की पुण्याचं शिरूर सोडून लातूरचं शिरूर अनंतपाळ किंवा बीडचं शिरूर कासार येऊ शकतं, यादीत जे आधी असेल ते.

आणि मग काही नावं उरतात ज्यांच्यात टायपाची काहीच चूक नसते. अशाच एका नावासाठी मी ग्रामसेवकांना फोन केला होता. जुन्या यादीत गाव होतं, नव्यात नव्हतं, आसपासच्या नावांशीही जमत नव्हतं.

‘ताई, ते गाव धरणात गेलं,’ ते म्हणाले. ‘लोक पलीकडे माळावर बसवलेत. नाव तेच ठेवलंय, पुढे नवीन लिहितात.’

‘मग तुमच्या जमिनीच्या यादीत जुनंच नाव कसं काय, भाऊसाहेब?’

‘वरचं शिवार राहिलंय ना थोडं. सातबारा अजून त्याच नावाने निघतो.’

म्हणजे लोकसंख्येच्या यादीत गाव एका जागी, जमिनीच्या यादीत दुसऱ्या जागी, आणि दोन्ही याद्या खऱ्या. हे कुठल्याही सूत्राला कळणार नव्हतं. ते सांगायला माणूस लागला, आणि त्याला विचारायचं सुचलं ते एनए झाकलेला नव्हता म्हणून.

पॉवर क्वेरीत अंदाजाने जुळवायचीही सोय आहे. दोन नावांत किती अक्षरगट सामायिक आहेत ते ती मोजते आणि 0.80च्या वर साम्य असेल तर जुळलं म्हणते. हा उंबरा आपल्याला बदलता येतो. मी ही सोय वापरते, पण सुचवण्यापुरती. शेजारी एक रकाना ठेवायचा, त्यात यंत्राची सूचना, आणि त्यापुढे माणसाने हो किंवा नाही लिहायचं. आपल्या गावांच्या नावांची रचनाच अशी की जे सगळ्यात जास्त सारखं दिसतं तेच नेमकं वेगळं असतं. वडगाव खुर्द आणि वडगाव बुद्रुक एकमेकांना लागून असतात, नावाचा मोठा भाग एकच असतो, आणि दोघांच्या ग्रामपंचायती, विहिरी, निधी सगळं निरनिराळं. अंदाजाने जुळवणाऱ्याला खुर्दच्या वाट्याचं बुद्रुकला देऊन टाकायला फार वेळ लागत नाही.

या सगळ्यातून हळूहळू एक तक्ता तयार होतो. डावीकडे नाव जसं आलं तसं, शेजारी जनगणनेचा क्रमांक, शेजारी पंचायतराज मंत्रालयाच्या स्थानिक स्वराज्य निर्देशिकेतला क्रमांक, आणि शेवटच्या रकान्यात हे कुणी सांगितलं आणि केव्हा. हा शेवटचा रकाना मी कुणालाही वगळू देत नाही. वर्षभराने कुणी विचारलं की हे गाव इकडे कसं जोडलं, तर उत्तर माझ्या आठवणीत असून उपयोग नाही, तक्त्यात असायला हवं. नवीन यादी आली की ती आधी या तक्त्यातून जाते. उरलेल्या ओळी वाचायच्या, फोन करायचे, भर घालायची.

हा तक्ता कधी पुरा होत नाही, कारण नावं बदलत राहतात. 2023मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, 2024मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. आता देशाच्या बहुतेक भागांसाठी 1 मार्च 2027 ही तारीख धरून नवी जनगणना होते आहे. तिच्यात पालघर पहिल्यांदाच स्वतंत्र जिल्हा म्हणून मोजला जाईल. तो 1 ऑगस्ट 2014ला ठाण्यातून वेगळा झाला, त्यामुळे 2011च्या तक्त्यांत डहाणू, जव्हार, मोखाडा सगळे ठाण्याच्या 517 क्रमांकाखाली आहेत. नवे आकडे आले की सगळे पहिलं काम सोळा वर्षांपूर्वीच्या आकड्यांशी तुलना करण्याचं करतील. त्या दिवशी 2011च्या रकान्यात पालघरसमोर एनए येईल आणि ठाण्याची लोकसंख्या घटल्यासारखी दिसेल. म्हणून मी तालुके आत्तापासून सुटे करून ठेवते आहे: 2011मध्ये कुठल्या जिल्ह्यात, आज कुठल्या. पालघरचे आठही तालुके लावून झाले, आता नावं बदललेले तीन जिल्हे घ्यायचे आहेत.